आत्याबाईचा बाजारातला दात

"मॅडम, माह्या तोंडाचा वास येते का? खरं सांगा."

दारातच उभी राहून, तोंडाला पदर लावून संगीतानं विचारलं. मी म्हटलं, "ताई, तिथून मला तुमचा आवाजही नीट येईना, वास कुठला येतोय? आत या." ती आली, पण खुर्चीच्या काठावर टेकली. मागे तिचे यजमान विष्णूभाऊ. त्यांच्या हातातल्या पिशवीत औषधांचं अख्खं दुकान होतं. पोटाचं चूर्ण, तऱ्हेतऱ्हेची मंजनं, निळं माउथवॉश, लवंग-विलायचीची पुडी.

मी दातांची डॉक्टर. डोणगावात माझा दवाखाना आहे. लोकांच्या तोंडात वाकून वाकून माझ्या नाकाची भीड चेपली आहे. वास होता, चांगलाच होता, आणि मी तसं सांगून टाकलं. अशा वेळी डॉक्टरनं गोड बोलू नये.

तिचे डोळे भरून आले. "म्हंजे वहिनी खोटं नोती बोलत."

तिचं माहेर बीबी गावचं. भावाला मुलगा झालेला, आणि परवा बारसं होणार होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या पाळण्यावर वाकते, 'कुर्रर्र' करते, नाव सांगते, आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घालतात. संगीता भावाची एकुलती एक बहीण. पण बाळाला बघायला गेली तेव्हा वहिनी आतल्या खोलीत सासूला म्हणत होती, "ताईच्या तोंडाचा लई वास येते. लेकरू एवढंसं हाय. नाव चुलत आत्याले सांगू देऊ."

"मी चहा न पिताच निंगाली," संगीता म्हणाली.

"पोटात गरमी हाय तिच्या," विष्णूभाऊंनी निदान केलं. "चूर्ण देऊन राह्यलो, पन फरक नाही."

हे ऐकलं की माझं डोकं तापतं. तोंडाला वास आला की आपल्याकडे पहिला मार पोटाला! अहो, बहुतेक वेळा चोर तोंडातच बसलेला असतो. दातांच्या फटीत, हिरड्यांखाली आणि जिभेच्या मागच्या भागावर अन्न अडकतं. जंतू ते खातात आणि घाण वायू सोडतात. तोंड कोरडं असलं तर अजून वाईट, कारण लाळ म्हणजे तोंडाची झाडूवाली. लवंग-विलायची फक्त वर अत्तर शिंपडते, खालचा उकिरडा तसाच राहतो. तोंड स्वच्छ असूनही वास हटला नाही, तर मग टॉन्सिल, नाक, शुगर, पोट हे सगळं दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. आधी तोंड.

"आ करा."

तिनं आ केला, पण वरचा ओठ दातांवर घट्ट ओढून धरलेला. मी आरशानं ओठ हळूच वर केला. समोरचा एक दात बाकीच्यांपेक्षा जास्तच पांढरा. आरशाच्या दांडीनं टकटक केलं. खऱ्या दाताचा आवाज वेगळा असतो.

"हा कुठून आणला?"

तिनं पदर परत तोंडावर घेतला. विष्णूभाऊ छताकडे बघायला लागले.

"आठवडी बाजारातून," शेवटी ती पुटपुटली. हातपंपावर पाय घसरून समोरचा दात गेला होता. बाजारात पेटी मांडून बसलेल्या माणसानं बसल्या बसल्या नवा लावून दिला. "पक्का दात. काहाडाची भानगड नाही, घालाची भानगड नाही."

तीच तर भानगड होती. हे लोक प्लास्टिकचा लगदा कालवतात आणि नकली दात शेजारच्या चांगल्या दातांना थापून टाकतात. त्याखाली ब्रश जात नाही, पाणी जात नाही. अन्न मात्र बरोबर जातं आणि तिथंच कुजतं. संगीताच्या हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या, आरसा लागला तरी रक्त येत होतं. शेजारचे दात अजून मजबूत होते, हे नशीब.

"हा काढावा लागेल," मी म्हटलं.

"आन् नवा?"

"हिरडीची सूज उतरल्याशिवाय माप घेऊन उपयोग नाही. माप घेतल्यावर लॅबमधून दात बनून येतो. परवापर्यंत होणार नाही."

ती उठलीच. "मंग राहू द्या! सारं माहेर जमनार, आन् मी अशी खिंडार घेऊन जाऊ? फोटोवाला येनार हाय बाप्पा!"

विष्णूभाऊ म्हणाले, "बारसं होऊ दे, मंग येऊ."

मला राग त्यांचाच आला. "भाऊ, एवढा वास तुम्हाला येत नव्हता? सांगितलं का नाही?"

"सांगतलं अस्तं तं जेवाले कोन देल्लं अस्तं, मॅडम?" ते म्हणाले. "मी आपला भितीकडं तोंड करून झोपून राह्यतो."

संगीता त्यांच्याकडे बघतच राहिली. नवरा रोज भिंतीकडे वळून का झोपतो याचा उलगडा तिला माझ्या दवाखान्यात होत होता. मला वाटलं, आता भांडण जुंपणार. पण ती परत खुर्चीत येऊन बसली, या वेळी पाठ टेकून.

"नाव कानात सांगाचं अस्ते," ती म्हणाली. "दात कोनाले दाखवाचे अस्ते? काहाडा, मॅडम."

मशीननं प्लास्टिक कापत गेले. तुकडा सुटला तशी खोलीत अशी काही दुर्गंधी पसरली की माझ्या असिस्टंटनं न सांगता खिडकी उघडली. विष्णूभाऊ "फोन आला" म्हणून बाहेर पळाले. फोन वाजलाच नव्हता. मग मी खालचा सगळा मळ काढला आणि बाकीच्या दातांचीही सफाई केली. सफाईनं दात हलतात अशी आपल्याकडे समजूत आहे. हलतात ते साठलेल्या मळानं, सफाईनं नाही.

शेवटी जीभ. पांढरा थर होता. "जीभ घासत नाही?"

"जीभ कोन घासते?"

आत आलेले विष्णूभाऊ म्हणाले, "आमचा बाप घासे. निंबाची काडी चावे, दात झाले की तिले मधून उभी चिरे आन् तिनंच जीभ खरडे."

बरोबर होतं त्यांचं. काडी गेली, ब्रश आला, आणि जीभ मधल्या मधे राहून गेली. मी तिला साधी जीभघासणी दिली, मीठ-पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, आणि रात्री ब्रश केल्याशिवाय झोपायचं नाही असा दम भरला. विलायचीची पुडी चहासाठी परत केली.

बारसं झाल्यावर संगीता माप द्यायला आली. हातात घुगऱ्यांचा डबा. खिंडार दाखवत मोकळेपणी हसत होती.

"काय झालं?"

"गेली तशीच वहिनीजवळ बसली. म्हटलं, वहिनी, आता वास घे आन् खरं सांग. ती एवढी ओशाळली! जवळ आली, वास घेतला, म्हने, नाही येत. मंग तिनंच लेकरू माह्या मांडीवर देल्लं." तिनं डोळ्याला पदर लावला. "मॅडम, नाव मीच सांगतलं. आन् गुद्दे! साऱ्यात जोरात वहिनीनंच घातले. पाठ अजून दुखून राह्यली."

"आणि खिंडार?"

"आई वरडली, अवं माय, दात कुठी गेला! मी म्हटलं, बाजारात वापस केला."

तिला नवा दात बनवून दिला. काढता-घालता येणारा. रात्री काढायचा, घासायचा, पाण्याच्या वाटीत ठेवायचा. त्याच्या तपासणीला आली तेव्हा मी सहज विचारलं, "विष्णूभाऊ काय म्हणतात?"

ती लाजली. "आता माह्याकडं तोंड करून झोपते. आन् असे घोरते, मॅडम! भितच बरी होती."

तोंडाचा वास सगळ्यांना येतो, ज्याचं तोंड त्यालाच येत नाही, कारण नाकाला स्वतःच्या घरची सवय झालेली असते. आमच्याकडे शेजाऱ्याची म्हैस शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढली तरी लोक अर्ध्या गावाला ऐकू जाईल असं ओरडून सांगतात. एवढं एक मात्र कोणी सांगत नाही. तुमच्या माणसाला सांगा. एक दिवस जेवण मिळणार नाही, एवढंच.