बर्फातून आलेलं रक्त

आज दुपारी बिडकीनहून एक मामा लॅबमध्ये आले. बायकोच्या रक्ताची नळी त्यांनी थर्मासात, बर्फात घालून आणली होती.

आमच्याकडे रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरचे रिसेप्टर मोजतात, म्हणजे शरीराचे निरोप टिपणाऱ्या जागा. त्यावरून औषध बदलायचं का, ते डॉक्टर ठरवतात. पण रक्त गार झालं की त्या मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही.

"मामा, हे चालणार नाही. बर्फ नको होता."

"आसं कसं ताई? शेळ्यांची लस तर बर्फातच आणावी लागती!"

मी समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. "तिची शीर लवकर घावत नाय," हळूच म्हणाले, "पर उद्या तिलाच आणतो." जाताना उरलेला बर्फ पुढं केला. "टँकरचं पाणी लई गरम असतंय. तुमच्या कामी येईल."

रक्ताच्या नळीभोवतीचा बर्फ पिण्याच्या पाण्यात घालायचा नसतो, हे मला सांगवलं नाही. खिडकीतल्या सुकलेल्या कुंडीत टाकला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "आज काय केलं गं?"

"रक्त तपासलं."

"बरं. जेवलीस का?"

घरातली पहिली पदवीधर मी. माझ्या कामाबद्दल "आसं कसं?" विचारणारे आज ते मामा एकटेच. तुमच्या कामाबद्दल तुम्हाला घरी कोण विचारतं?