माझ्या तोंडून भावाचा आवाज

अंगात येणं, भूतबाधा यावर माझा कधीच विश्वास नव्हता. नवरात्रात आमच्या गल्लीत बायका घुमायला लागल्या की मी लांबूनच हात जोडून घरी येते. तरीही हे लिहिते आहे... नाव मात्र सांगणार नाही.

खोपोलीत शिळफाट्याला, बाजाराच्या मागे आमची भाड्याची खोली. मी एका खानावळीला पोळ्या लाटून देते. घरात मी आणि अकरावीतला मुलगा. गेल्या वर्षी तो म्हणाला, "आई, मला मुली नाय आवडत. मुलगेच आवडतात." मी घाबरले, पण त्याला जवळ घेतलं. ही गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली — नेरळला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला. तो म्हणाला, "ताई, रडतेस कशाला गं? आपलंच पोर हाय. मी हाय ना."

नंतर कुणीतरी फोनवर खोट्या नावाने खातं उघडलं. मुलाच्या फोटोला लुगडं, बांगड्या चिकटवल्या, खाली शिव्या. कॉलेजातली पोरं ते एकमेकांना पाठवायची, त्यामुळे आमचा संशय त्यांच्यावरच. मुलाने कॉलेज सोडलं, मग जेवण. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, भाऊही सोबत आला. हवालदार म्हणाले, "मारलं का कुणी? पैसे मागितले? नुसतं लिहिलंय ना? मग गुन्हा कसला?"

"चल ताई," भाऊ म्हणाला. "पोरं मस्करी करतात. आपलीच अब्रू जाईल."

एका दुपारी मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी त्याचा फोन घेतला. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षराखाली बोट धरून मोठ्याने वाचलं तरच मला कळतं. "बायल्या... तू जगून... काय करणार..." एवढं वाचलं आणि थांबले. आवाज माझा नव्हता. जाड, नाकातला... भावाचा.

मुलगा ताडकन उठून बसला. "मामा कधी आला?"

दाराला आतून कडी होती.

"परत वाच," तो म्हणाला. वाचलं. पुन्हा तोच आवाज. मुलाने फोनवर हात ठेवला. "आई, बंद कर... हा मामाच हाय."

मी भावाला फोन लावला. "ते तू लिवतोस का रं?" तेव्हा मात्र माझाच आवाज निघाला.

तो हसला. "अगं, जरा टोचलं तर सुधरंल म्हणून केलं. मर्द होईल."

"आणि जीव दिला असता तर?"

"तू पण ना ताई... कायपण!"

मी मुलाला घेऊन ठाण्यात गेले. म्हटलं, "रस्त्यात अडवून शिव्या दिल्या तर लिहून घेता. सगळ्या गावासमोर फोनवर, रोज दिल्या तर गुन्हा का नाय?" एवढं मी आयुष्यात कुणासमोर बोलले नव्हते. हवालदारांनी नाव विचारलं. सांगितलं.

"सख्खा भाऊ?"

"सख्खा. लिवा."

भावाने फोनवर कबूल केलं, इतकंच सांगितलं. आवाजाचं बोलले नाही. कुठलं कलम लागतं ते साहेबांना विचारतो, असं हवालदार म्हणाले. अजून विचारतायत.

परवा मी त्या ओळी पुन्हा वाचायला घेतल्या. आता माझाच आवाज आला. माझ्याच तोंडून माझ्या लेकाला त्या शिव्या... पहिल्याच शब्दाला थांबले. त्या दुपारी दुसऱ्याचा आवाज कुठून आला, मला खरंच सांगता येत नाही.