एकाच जंतूची गोळी

बाबांचा चेन्नईतल्या एकाही डॉक्टरवर विश्वास नाही. संरक्षण खात्याच्या कारखान्यात उभी हयात इथे गेली, पेन्शन इथल्याच बँकेत येते. पण कुणाला ताप आला की फोन साताऱ्याच्या ‘आपल्या’ डॉक्टरांना. गावाहून परतताना बॅगेत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि त्या डॉक्टरांच्या स्ट्राँग कॅप्सूल, हे ठरलेलं.

आईची दाढ दुखली तेव्हा बाबांनी तिला त्याच कॅप्सूल दिल्या. दाढ दुखायची थांबली, पोट बिघडलं. कळा, ताप, सारख्या संडासच्या फेऱ्या. मी सिरुसेरीचं ऑफिस टाकून अंबत्तूरला घरी पोचले, तर तिला उठून बसवतही नव्हतं.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून मला नीट समजावलं. त्या जबर औषधाने आतड्यातले चांगले जंतू मेले आणि रान मोकळं मिळाल्यावर एक वाईट जंतू माजला. आता द्यायची गोळी मुख्यतः त्यालाच मारते, बाकीच्यांना फारसा धक्का लावत नाही. मधे दुसरं अँटिबायोटिक अजिबात नको. मी शब्दन् शब्द बाबांना सांगितला.

“एकच जंतू मारते? मग बाकीचे काय आम्ही मारायचे?” बाबा म्हणाले.

आईला उतार पडला, आम्ही तिला घरी आणलं. मी कामावर रुजू होताच बाबांनी गोळीच्या जोडीला गावच्या कॅप्सूल सुरू केल्या. वर त्याला नाव काय, तर काळजी! थोड्याच दिवसांत ती पुन्हा हॉस्पिटलात, आधीपेक्षा वाईट. ब्लड प्रेशर इतकं उतरलेलं की मी कोण ते तिला सांगता येईना. घरी तिच्या उशीखाली मला त्या कॅप्सूलचं रिकामं पाकीट सापडलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी पाकीट तिच्यासमोर धरलं. “यारु कुडुत्तांग, अम्मा?” कोणी दिल्या?

मी तोंड उघडलं, तर आईने माझं मनगट दाबलं.

“नानेदान,” ती म्हणाली. मीच घेतल्या.

बाई तिला नर्सदेखत खूप बोलल्या. एवढं समजावूनही जिवाशी खेळता? आई मान खाली घालून ऐकत राहिली. बाबा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. बाबांना तमिळ उत्तम कळतं.

या वेळी गोळ्या मी स्वतः दिल्या. आई वाचली. त्या दिवसापासून मी बाबांशी बोलत नाही, आणि आईला वाईट वाटतं ते तेवढ्याचंच.