मामांच्या कपातली काडी

माझ्या बायकोच्या मामांइतका दुसऱ्याला दमवणारा सज्जन माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. नोकरीभर त्यांनी सिमेंट तपासलं आणि निवृत्त झाल्यावर तेच घरी आणलं. टवका उडालेल्या कपात सिमेंट कालवायचं, बांबूची काडी घालायची, दर पाच मिनिटांनी ती उचलून धार बघायची आणि वहीत लिहायचं: ‘सैल’, ‘पळीवाढं’, ‘घट्ट’. कपाचा दगड व्हायच्या आत काडी काढून धुवायची. आयुष्यात एकही काडी अडकू दिली नाही, याचा त्यांना कोण अभिमान! जेवतानाही तेच. हिने वाढलेल्या पिठल्याकडे ते नुसते बघत बसत. "मामा, गार होतंय," ही म्हणे. "होऊ दे गं. किती वेळात आळतंय ते बघतोय." लवकर आळलेलं सिमेंट दोन तऱ्हेचं, असं ते मला दर रविवारी सांगत. एक खरंच दगड व्हायला निघालेलं, दुसरं नुसतं रुसलेलं. रुसलेलं असेल तर पाणी न घालता, नुसतं ढवळूनही सैल होतं. मी हो हो म्हणत असे.

अंधेरीला आमच्या दोन खोल्यांचा स्लॅब घालायचा होता. तेव्हा सिमेंट सरकारी परमिटावरच मिळे, आणि त्या परमिटासाठी खेटे घालून मी पार पिचलो होतो. स्लॅब बिघडला असता तर दुसरं परमिट या जन्मी मिळणार नव्हतं. मामाही आपला कप घेऊन हजर होते आणि त्यात थोडा माल घेऊन काडीने धार बघत होते. कालवलेला माल बघता बघता आळला. मिस्त्री म्हणाला, "वाट लागली शेठ. एक बालदी पाणी मारतो."

"पाण्याला हात लावू नकोस," मामा कप खाली ठेवत म्हणाले. "आज सैल होईल आणि दहा वर्षांनी जावईबापूंच्या डोक्यावर पडेल. रुसलाय तो. ढवळ."

माझा तोल गेला. "मामा, पुरे झालं तुमचं ढवळणं. घालू द्या त्याला पाणी." चार माणसांसमोर मी ओरडलो. मामांनी धोतर खोचून स्वतःच फावडं घेतलं आणि माल उलथा-पालथा करू लागले. मग ओशाळून मिस्त्रीही लागला. थोड्या वेळाने माल सैल झाला, थेंबभर पाण्याशिवाय. संध्याकाळपर्यंत स्लॅब घालून झाला, आणि त्या धांदलीत मामांची काडी कपातच राहिली.

पुढच्याच वर्षी मामा गेले. स्लॅब अजून ठणठणीत आहे. त्यांची माफी मागायची तेवढी राहून गेली, त्याचं फार वाईट वाटतं. तो कप फळीवर आहे. कचेरीतून दमून आलो की मी ती काडी हलवून बघतो. हलत नाही.