होडीची मागची फळी

आमचं गाव कर्जत तालुक्यात, भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. दादाची फायबरची जुनी होडी होती. पहाटे मासे धरायचे आणि दिवसभर पलीकडच्या काठाला कामाला जाणाऱ्या बायकांची ने-आण करायची. एका उन्हाळ्यात, कांदा काढणी ऐन भरात असताना, वहिनीनं ती बंद ठेवायला लावली.

त्या दिवशी ती होडीत मागं बसली होती. दादानं वेग वाढवला तशी इंजिन अडकवलेली मागची फळी हलल्याचं तिला जाणवलं. काठाला लागताच म्हणाली, "फळी आतून कुजलीय. आता हिच्यात कुणी बसायचं न्हाई."

दादा वैतागला. "वरून एक तडा बी न्हाई. पत्रा ठोकू, बोल्ट आवळू. सुगीत होडी बंद ठिवून चालंल व्हय?"

वहिनीच्या माहेरी, नगरला, फायबरचं वर्कशॉप. टेम्पोच्या टपांना रेझिनचा चिकट रस लावतच ती वाढलेली. वाद न घालता तिनं पाना घेतला आणि फळीवर ठोकत गेली. कडेला टणटण वाजलं, इंजिनाखाली मात्र भद्द. मग तिनं खालचा एक स्क्रू काढला. भोकातून काळपट, कुबट पाणी ओघळलं. दादानं बोट लावून हुंगलं आणि इंजिन उतरवायला घेतलं.

आतला फायबरचा थर कापल्यावर मधलं प्लायवूड ओल्या भुशासारखं हातात आलं. बोल्टच्या भोकांतून पाणी वर्षानुवर्षं झिरपत राहिलं होतं. रस्त्यानं लांबचा वळसा पडतो म्हणून बायका वहिनीच्या नावानं कुरकुरत बघायला आल्या होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यांत जास्त बोलणाऱ्या म्हातारीनं तो भुसा चिमटीत धरला. "अगं बया, ह्याच्या जिवावर आमी पाण्यात जात हुतो?"

वहिनीनं सगळं कुजकं खरवडून काढलं आणि पोकळी खडखडीत वाळेपर्यंत कुणाला घाई करू दिली नाही. मी हौसेनं घट्ट करायचं औषध घालून बादलीभर रेझिन कालवलं, ते उन्हात आणि स्वतःच्याच उष्णतेनं तापून बादलीतच दगड झालं. वहिनी खळखळून हसली. "भावजी, वाटी-वाटीनं कालवायचं. अन् ऊन चढायच्या आत!"

नव्या प्लायवूडच्या कडासुद्धा तिनं रेझिननं माखल्या, फळी दाबून बसवली, वर काचेच्या तंतूंच्या मॅटचे थर चढवले. बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडून रेझिननं भरली आणि घट्ट झालेल्या त्या रेझिनमध्येच पुन्हा बारीक भोकं पाडली. म्हणाली, "आता पाणी शिरलं तरी लाकडाला शिवायचं न्हाई."

पहिल्या फेरीला माणसांच्या जागी वाळूची पोती ठेवली. दादानं इंजिनाची मूठ पुरती पिळली. वहिनी फळीवर तळहात टेकून बसली होती. आम्ही सगळे काठावरून बघत होतो. परत येताना तिनं लांबूनच हात उंचावला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी सगळ्यांत आधी चढली. "पोरी, मी लई बोलले तुला."

"बोलायचंच की, आत्या," वहिनी म्हणाली. "जरा मधी सरका, तोल राहील."