साडभाऊ गादी पाहतात

झोप या विषयात आमच्या साडभाऊंच्या तोडीचा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही आणि पुढे होईल अशी चिन्हं नाहीत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे नुसतं साडू म्हणून मोकळे होतात, आमच्याकडे त्याला भाऊ जोडतात. त्यामुळे भांडण झालं तरी ते घरातलं भांडण ठरतं. त्यांचं घर अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, आणि मी अमरावतीचा. आमच्याकडे यायला ते बडनेऱ्याला उतरायच्या बोलीवर गाडीत बसत आणि वर्ध्याला जागे होत. तिथून परतीची गाडी धरत आणि डोळा उघडे तो थेट अकोल्याला. एकदा आमरसाचा बेत होता. साडभाऊ येताना एकदा आणि जाताना एकदा आमच्या गावाजवळून गेले आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी भाजी-भाकर खाऊन झोपले. रस खराब होऊ नये म्हणून मग त्यांच्या वाट्याचाही मीच प्यालो. लग्नातही ते उभ्या उभ्या झोपले होते म्हणे. मंगलाष्टकं लांबली, पलीकडे बँडवाले जीव खाऊन वाजवत होते, आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा ताईला नवऱ्याचं पहिलं दर्शन झालं ते मिटल्या डोळ्यांचं. तिला वाटलं, लाजतात. हा गैरसमज पुढे महिनाभर टिकला.

नोकरीही त्यांना मानवेल अशीच मिळाली होती. ते जिनिंगमध्ये कापूस पारखायला होते. चिमूटभर कापूस बोटांत ओढून धागा आखूड की लांब ते सांगायचं आणि बाकीच्या वेळात त्याच कापसाच्या ढिगावर पडायचं. बाजूला यंत्रांचा धडधडाट चाललेला असे आणि साडभाऊ पाळण्यातल्या पोरासारखे झोपलेले. पण पुढे दिवस पालटले. कापसाला भाव राहिला नाही, चांदूर बाजारकडचे आमचे सोयरेसुद्धा कापूस सोडून सोयाबीनच्या मागे लागले, आणि एका हंगामात जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. साडभाऊ घरी बसले आणि ताई शिलाई मशीनवर बसली. गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवता शिवता तिने घर चालवलं आणि त्यात तिची कंबर गेली. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर करता करता उजाडायचं आणि उजाडलं की पुन्हा मशीन. डॉक्टरांनी सांगितलं, अंगाखालची गादी बदला, नाहीतर हे मशीन सोडावं लागेल. गादी घरच्या कापसाची होती आणि तिच्यात आता इतके गोळे झाले होते की तिच्यावर झोपणं म्हणजे बटाट्याच्या पोत्यावर झोपणं. मशीन सोडणं तर परवडणारं नव्हतंच. म्हणून मेमरी फोमची गादी घ्यायची ठरली आणि मोबाइलवर सगळं वाचणारा जाणकार म्हणून मला अमरावतीहून बोलावणं आलं.

आता गादी ज्याला घ्यायची त्याने तिच्यावर पडून पाहावं, एवढी साधी गोष्ट. पण ताई दुकानात पाठ टेकायला तयार नव्हती. परक्या पुरुषांसमोर, भर बाजारात, काचेच्या दुकानात बाईमाणसाने आडवं व्हायचं हे तिच्या डोक्यातच बसेना. प्रत्येक दुकानात ती गादीच्या कडेला पदर सावरून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, कुणाच्या दुखवट्याला आल्यासारखी बसे आणि "बरी हाये" म्हणून उठे. मग तिच्या वतीने साडभाऊ पडत. पडले की संपलंच. अर्ध्या तासाने उठून ते निकाल देत, चांगली आहे. पुढच्या दुकानातलीही चांगली, त्याच्या पुढचीही चांगली. एका दुकानात तर त्यांना असं गाढ झोपलेलं पाहून दुसऱ्याच गिऱ्हाइकाने ती गादी त्यांच्या अंगाखालून विकत घेतली, आणि दुकानदाराने जाताना साडभाऊंना चहा पाजून पुढच्या रविवारीही येण्याचा आग्रह केला. मी बायकोला फोन करून सांगितलं की तुझे भाऊजी कामाला लागले.

जागेपणी मात्र त्यांचा एकच प्रश्न असे, गादी किती किलोची? कापसाची गादी आपण वजनावर भरून घेतो, तेव्हा फोमची का नको? विक्रेता हसून सांगे की काका, ही इंचांवर असते. मीही मोबाइल काढून थर, जाडी, वॉरंटी असं काहीबाही वाचून दाखवी. साडभाऊ ऐकून घेत आणि म्हणत, "जाडी तं फुगवूनई येते, भाऊ. वजन फुगवता येत नाही."

एक दुकान मात्र ते हटकून टाळत होते. त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी चाचांचं गादीचं दुकान होतं. चाचांच्या घरात तीन पिढ्या पिंजारकाम. साडभाऊंच्या लग्नातली गादी चाचांच्या वडिलांनी भरलेली आणि नंतर दर उन्हाळ्यात चाचा ती उसवून, पिंजून, पुन्हा भरून देत. ज्याने आपला कापूस पिंजला त्याच्याकडे फोम कोणत्या तोंडाने मागायचा, या संकोचाने साडभाऊ घरी येतानाही लांबचा वळसा घालू लागले होते. शेवटी एका दुपारी चाचांनी आम्हाला भर रस्त्यात गाठलं.

"भाऊ," ते म्हणाले, "साऱ्या अकोल्यात झोपून आले म्हणते तुमी. माह्या दुकानानं काय घोडं मारलं?"

आत जाऊन पाहतो तो भिंतीवर बापजाद्यांची पिंजायची धनुकली टांगलेली आणि खाली हारीने फोमच्या गाद्या. पिंजायला कापूस आणतो कोण आता, असं चाचा म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही. साडभाऊंनी जरा चाचरतच वजन विचारलं, तर चाचा खूश. फोम हलका असला की वर्षभरात दबून जातो आणि नुसती खोळ उरते, म्हणाले. म्हणून वजनदार घ्यायचा. त्यातही अकोल्याच्या उन्हाळ्यात नुसता मेमरी फोम तापतो आणि माणूस आत रुतत जातो. तेव्हा खाली कडक फोम, वर बोटभर मेमरी, आणि त्यावर तुमच्याच जुन्या गादीतल्या कापसाची पातळ गादी मी भरून देतो. दोन्ही मिळून बाजारापेक्षा स्वस्त पडेल. घरचा कापूस अंगाखाली राहणार म्हटल्यावर साडभाऊंच्या चेहऱ्यावरचं सुतक एकदम उतरलं. मोबाइल मी खिशात घातला.

राहता राहिली ताई. ती नेहमीप्रमाणे कडेला बसून उठायच्या बेतात होती. चाचांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. आत हाक मारून चाचींना बोलावलं आणि ती गादी उचलून दुकानामागच्या घरात, बायकांच्या खोलीत नेऊन टाकली. चाची ताईचा हात धरून घेऊन गेल्या. थोडा वेळ दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. चाची तोंडावर बोट ठेवून बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सो गई."

आम्ही बसून राहिलो. ऊन कलंडलं तरी ताई उठली नाही. भोवती इतक्या गाद्या पसरलेल्या, पण साडभाऊ दारातल्या लाकडी स्टुलावर ताठ बसले होते आणि दुकानापुढे भोंगा वाजवणाऱ्या प्रत्येक ऑटोवाल्याला हाताने गप्प करत होते. मी म्हटलं, साडभाऊ, तुम्हीही पडा थोडे.

"मी घोरतो," ते म्हणाले. "तिची झोप मोडन."

मी हसलो. ते हसले नाहीत. दाराकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "मले बँडानं जाग येत नाही, गाडीनं येत नाही. पण तिनं कूस बदलली की जाग येते. मंग रात्रभर मी तसाच पडून राह्यतो. तिले वाटते, मी झोपलो."

एवढी वर्षं त्यांच्या झोपेवर मी जे विनोद केले होते, त्यातला एकही मला त्या वेळी आठवेना. ताई उठली तेव्हा दिवेलागण झाली होती. आपण इतका वेळ परक्या घरी झोपलो म्हणून ती लाजून चूर झाली आणि चाचींना त्याच पावली दोन पोलकी शिवून द्यायचं कबूल करून बसली. गादी त्याच संध्याकाळी ऑटोच्या टपावर बांधून घरी गेली. अंतर इतकं थोडं होतं की ऑटोवाला आधी नाहीच म्हणत होता.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जिनिंग काही पुन्हा उघडली नाही. ताईचं मशीन हल्ली हल्लीपर्यंत चालू होतं. परवा अकोल्याला गेलो तेव्हा सहज विचारलं, गादी कशी आहे? साडभाऊ म्हणाले, गादी एक नंबर, ताई आता पडली की सकाळपर्यंत हालत नाही. मग तुमचीही झोप चांगली होत असेल, मी म्हटलं. त्यांनी आत स्वयंपाकघराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"कायची झोप, भाऊ. आता ती हालत नाही म्हणून जाग येते. मंग तिच्या हाताले हात लावून पाह्यतो. गरम लागला की झोपतो पुन्हा."