उसवलेल्या टाक्यांची भोकं

शाळेच्या गणवेशावरचा जुना, भरतकाम केलेला बिल्ला मी संगणकावर हाताने रेखाटत होतो. कापड विरलंय, म्हणून शाळेला त्यावरचा मोर नव्याने रेघांत काढून हवा आहे. पडद्यावर बिल्ला खूप मोठा केला, तेव्हा पिसाऱ्यातल्या टाक्यांशेजारी सुईची रिकामी भोकं दिसली.

ती पाहिली आणि माझा हात थांबला. हे बिल्ले माझ्या दुकानासाठी ताई भरायची. "डोळे दुखतात रे," म्हणायची, आणि मी पिसारा वाकडा आलाय म्हणून तो तिला पुन्हा उसवायला लावायचो. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डॉक्टर म्हणतात, हे भरतकामामुळे झालेलं नाही. माझं मन ते ऐकत नाही.

संगणकावर चुकलेली रेघ मागे घेतली की तिची खूणही राहत नाही. कापडावर मात्र दोरा निघून जातो आणि भोक राहतं. माणसंही कापडाचीच असावीत. मी माझे शब्द कितीदा मनात मागे घेतले, पण टोचलेलं तिथेच आहे.

ताई शेजारीच खुर्चीत बसली होती. "मोर जमला का रे?"

"जमला, ताई."

"वाकडा असेल तर सांग हो, उसवून देते!" ती खळखळून हसली.

मला हसता आलं नाही. प्रत्येक भोकावर मी एकेक ठिपका ठेवत गेलो. शाळेला ते ठिपके नकोत, हे ठाऊक असूनही मला त्यातला एकही पुसवेना.